आधी तिचे कागद वाच

चि. मुग्धा,

सोमवारपासून तू तुरुंगातल्या महिला बराकीत शिकवायला जाणार, हे ताईकडून कळलं. ती घाबरलीय, तिला मी समजावते. तू मात्र माझं थोडं ऐक.

गेटवर घाई करू नकोस. आतलं आणि बाहेरचं दार एकाच वेळी उघडत नाहीत. मोबाइल, कंपासपेटी घरीच ठेव.

तुझ्याकडे इग्नूची माहितीपत्रकं असतील. चांगलंच आहे. बंद्यांना तिथे फी पडत नाही, शिवाय पदवी मिळवली तर शिक्षा झालेल्यांना आपल्या राज्यात ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळते. पेपरात फोटो येतात ते त्यांचेच. पण २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. ज्यांना शिक्षाच झालेली नाही, त्यांना माफी कशातून देणार? आज पाटी घेऊन बसलेली बाई उद्या तारखेला जाते, परवा जामिनावर सुटते. तीन वर्षांचा अभ्यासक्रम तिच्या काय कामाचा?

तुरुंग आणि शिक्षण म्हटलं की आपण लगेच १९३२ सालच्या धुळे तुरुंगातली गीता प्रवचनं काढतो. पण तिथे बोलायला विनोबा होते आणि लिहून घ्यायला साने गुरुजी!

बराकीतल्या माझ्या वर्गात मात्र एक आजी यायच्या. आरोपपत्राची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून कमरेला खोचलेली. मी बाराखडी काढली, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या बाई, ह्यात माझं नाव कुठंय?" दाखवलं. मग बोट फिरवत त्यांनी ते आणखी तीन ठिकाणी स्वतःच हुडकलं आणि विचारलं, "पुढची तारीख कुठं लिवतात?" आमची बाराखडी तिथून सुरू झाली, त्यांच्या नावातल्या अक्षरांपासून.

तूही तसंच कर. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलाय. त्यासाठीचा अर्ज वाचता येणं, त्यावर अंगठ्याऐवजी सही करता येणं, एवढं महिन्याभरात जमतं. पदवीवाल्यांना जरूर मदत कर, पण सगळा वेळ त्यांनाच देऊ नकोस.

गुन्हा काय, हे कुणाला विचारायचं नाही. आणि बराकीतलीच एखादी दहावी झालेली हाताशी धर. तू आठवड्यातून एकदा जाणार, ती रोज तिथेच असते.

पाट्या पाठवतेय.

तुझी,
मावशी