फटीतली ऊर्जा

इंडक्टरमध्ये साठणाऱ्या ऊर्जेचं सूत्र मी डिप्लोमाच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं: अर्धा एल आय वर्ग. गणितं सुटायची. पण ही ऊर्जा मला मनातून खरी वाटत नव्हती. कपॅसिटरचं पटायचं, वीज बंद केली तरी तो झटका देतो. इंडक्टर माझ्या लेखी नुसते तांब्याचे वेढे. ऊर्जा असते कुठे, असं कुणी विचारलंच, तर ‘तारेत, धावत्या इलेक्ट्रॉनांत’ असं ठोकून द्यायचो. हेच इलेक्ट्रॉन तारेतून गोगलगायीपेक्षाही हळू सरकतात, हेही मीच शिकवत होतो. हा निव्वळ आळस होता, आणि त्याला मी अनुभव म्हणत आलो.

तडा गेला तो बिघडलेल्या चार्जरमुळे. त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर सोडवला, तर फेराइटच्या ‘ई’ आकाराच्या दोन तुकड्यांचे मधले दांडे एकमेकांना टेकतच नव्हते. मधे अर्ध्या मिलिमीटरची फट, मुद्दाम घासून ठेवलेली. मला आधी ती खोट वाटली. मग कागद घेतला. चुंबकीय क्षेत्र फेराइटमध्ये आणि फटीत साधारण सारखंच. पण पर्मिएबिलिटी जितकी कमी, तितकी ऊर्जेची घनता जास्त. फेराइटची पर्मिएबिलिटी हवेच्या 2000 पट धरली, त्यातला मार्ग 50 मिलिमीटर. उत्तर आलं: फटीतली ऊर्जा उरलेल्या सगळ्या गाभ्यातल्या ऊर्जेच्या वीसपट! पुन्हा मांडलं, तरी तेच. जिथे तांबं नाही, फेराइट नाही, जिथून प्रवाह जातच नाही, त्या हवेत सेकंदाला हजारो वेळा ऊर्जा भरत होती, रिकामी होत होती. ऊर्जा क्षेत्रात असते, हे मॅक्सवेलने 1865 सालीच मांडलं होतं. मी ते वाचलं होतं, मानलं नव्हतं.

मग सर्नमधला 19 सप्टेंबर 2008चा अपघात मी नव्याने वाचला. लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. प्रवाह होता सुमारे 8,700 अँपिअर. क्षेत्रातली ऊर्जा आर्कमधून बाहेर पडली, हीलियमचं आवरण फुटलं, अवजड चुंबक जागचे हलले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती: सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी असा फट असलेला गाभा वर्गात फिरवा. चार्जर उघडताना मात्र आधी कपॅसिटर रिकामा करा.