काळा पहाड आणि मी

परवा कपाट आवरताना 'काळा पहाड'ची एक जुनी रहस्यकथा सापडली. मुखपृष्ठ गेलेलं. पुस्तक माझं नाही.

बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६-१९९६). हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने! झुंजार आणि काळा पहाड यांच्यापायी लोक जेवणखाण विसरायचे. मी मराठी घेऊन बीए झालो, पण आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नावही नव्हतं. मग मीही नाक मुरडायला शिकलो.

पडघ्याला शिकवत असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा भूगोलाच्या पुस्तकात दडवून हे वाचत होता. घेतलं काढून. "वार्षिक परीक्षेनंतर ने," म्हटलं. रात्री सहज चार पानं बघावीत म्हणून उघडलं.. आणि संपवूनच झोपलो. सकाळी वर्गात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, मास्तर ना मी!

धडा वाचताना तो पोरगा शब्दाशब्दाला अडखळायचा. हे मात्र भराभर पानं उलटत वाचत होता. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही.

आतल्या पानावर वाचनालयाचा शिक्का आहे. भरपाई त्यालाच द्यावी लागली असणार.