उधारीची वही आणि आमची वही

आमच्या घरात दोन वह्या जपून ठेवलेल्या आहेत. एक लाल पुठ्ठ्याची, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या उधारीची. दुसरी मुलीची जुनी शाळेची वही. तिच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर आम्ही आमचा हिशोब लिहितो.

आम्ही मुंब्र्याजवळ कौसा येथे राहतो. आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी. कमाई डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्याची. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, कारखाना बंद झाला आणि दोन महिने पगार आला नाही. त्यातच एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदार चाचांनी तांदूळ, डाळ, तेल, खजूर सगळे दिले. लाल वहीत आकडा ११,४०० रुपयांवर गेला. फेडायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. चाचांनी वर एक रुपयाही लावला नाही की कधी दारात येऊन आठवण केली नाही.

आणि कर्ज फिटल्यावर आम्ही काय केले? हळूहळू महिन्याचा किराणा मोठ्या दुकानातून आणू लागलो. तिथे स्वस्त मिळते असे सगळेच म्हणत. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन चाचांच्या दुकानासमोरून जाताना आम्ही मान खाली घालत असू. चाचा मात्र सलाम करत आणि अम्मींची तब्येत विचारत.

दुसरी वही जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहावीला होती, तिला सायन्सला जायचे होते. कॉलेज आणि क्लास मिळून वर्षाला १८,००० रुपये, म्हणजे महिन्याला दीड हजार. पगार तेवढाच. भाडे, वीज, अम्मींची औषधे यांना हात लावता येत नव्हता. उरले स्वयंपाकघर. निदान पैसे जातात कुठे हे तरी कळावे म्हणून रोज रात्री लिहायचे ठरले.

फेब्रुवारीचा खर्च ९,२०० रुपये झाला. मार्च हा रमजानचा महिना, त्याचा खर्च झाला १४,६००. आम्ही बेरीज पुन्हा केली, आकडा तोच आला. दिवसभर न खाण्याच्या महिन्यात आम्ही खाण्यावर ५,४०० रुपये जास्त घातले होते. पाहुणे आले होते, शेजारी इफ्तारी पाठवली होती, त्याचे दुःख नव्हते. पण वहीत मुलीने कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवले होते: ‘भजी उरली, टाकली’, ‘पपई खराब’, ‘शरबत ओतले’. अशा नोंदी अकरा होत्या. सूरह अल-फुरकानमध्ये अल्लाहच्या नेक बंद्यांची ओळख सांगताना ते उधळत नाहीत आणि कंजूषीही करत नाहीत, या दोहोंच्या मध्ये राहतात असे म्हटले आहे. आम्ही ते किती वेळा ऐकले होते! आपली जागा मध्ये नाही हे मात्र त्या वहीने दाखवले.

मग बाजार नीट बघायला लागलो. पहिला धडा तेलाच्या पिशवीने दिला. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. एक १५० रुपयांना, दुसरी १३८ ला. आम्ही वर्षभर १३८ ची आणत होतो. वजन वाचले तर पहिलीत ९१० ग्रॅम तेल आणि दुसरीत ८००. किलोचा भाव काढला तेव्हा पहिली सुमारे १६५ रुपये किलो पडली, दुसरी १७२ च्या पुढे. स्वस्त समजून आम्ही महागच घेत होतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते हेही खरे नाही. शाम्पूची बाटली आणि एक-दोन रुपयांच्या पुड्या यांचा हिशोब मुलीने केला, तर पुड्याच स्वस्त निघाल्या. तेव्हापासून किंमत नंतर, वजन आधी. आणि छापील किंमत म्हणजे जास्तीत जास्त किंमत. दुकानदाराला त्याहून कमी घ्यायला कोणाची मनाई नसते.

दुसरा धडा सुट्या मालाचा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद तांदूळ, डाळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालावर तो नाही, आणि २५ किलोच्या वरच्या गोणीवरही नाही. बाजारात २६ किलोच्या गोण्या दिसू लागल्या त्या यामुळेच. सुटा माल मात्र निवडून घ्यावा लागतो आणि वजनकाट्यावर नजर ठेवावी लागते.

हे कळल्यावर आम्हाला फार हुशारी आली. इमारतीतल्या चार घरांनी मिळून कल्याणहून घाऊक भावात माल आणायचे ठरवले. २६ किलो तांदळात किलोमागे ८ रुपये वाचले, म्हणजे २०८. आठ किलो तूरडाळीत किलोमागे १५, म्हणजे १२०. एकूण ३२८ रुपयांची बचत. पण ते ओझे घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये चढणार कसे? शेवटी कल्याणहून घरापर्यंत रिक्षा केली. भाडे झाले ३५० रुपये. चार घरांचे मिळून २२ रुपये नुकसान, एक रविवार गेला आणि कंबर धरली ती वेगळीच. अम्मी म्हणाल्या, “कोपऱ्यावरून आणलं असतं तर चाचांच्या पोराने वर आणून दिलं असतं, तेही फुकट.”

अम्मी सहज बोलल्या, पण आम्हाला वाट सापडली. त्याच संध्याकाळी चारही घरची माणसे चाचांकडे गेली. म्हटले, “चाचा, दर महिन्याच्या सात तारखेला आम्ही चौघे मिळून तांदळाची एक गोणी आणि डाळ घेऊ. पैसे रोख. भाव काय द्याल?” चाचांनी थोडा विचार केला आणि तांदळात किलोमागे पाच रुपये सोडले. कल्याणपेक्षा तीन रुपये जास्त, पण माल दारात. त्यांचीही गोणी न फोडता एका दिवसात विकली जाते, उधारी राहत नाही. आता त्या दुकानासमोरून जाताना आमची मान खाली नसते.

लांबून आणायचे ते फक्त वजनाला हलके आणि किमतीला भारी: मसाले, चहा, सुकामेवा, खजूर. ठाण्याला काही काम निघाले की जांभळी नाक्याच्या बाजारातून हे घेऊन येतो. मुद्दाम जात नाही, कारण जाण्यायेण्याचे भाडेही वहीत लिहायचे असते. भाजी कामावरून परतताना घेतो. संध्याकाळी उशिरा भाव उतरतो. पण घ्यायची ती दोन दिवसांपुरतीच. दहा रुपयांना दोन जुड्या मिळाल्या आणि एक सडली, तर त्यात स्वस्त काय झाले?

वर्षभराच्या नोंदी पाहिल्या तर सगळ्यात जास्त पैसे भाव करून वाचलेले नाहीत. ते वाचले टाकणे थांबवून. महिन्याचा खर्च ९,२०० वरून ८,१०० वर आला. २०२६ च्या रमजानला आम्ही आधीच ठरवले: तळलेला पदार्थ रोज एकच, फळे एक दिवसाआड, शरबत मोजून. खर्च ११,३०० झाला, मागच्या वर्षीपेक्षा ३,३०० कमी. अकरा महिन्यांचे १२,१०० आणि हे ३,३०० मिळून १५,४०० रुपये. मुलीची फी १८,०००. म्हणजे सगळी फी स्वयंपाकघरातून निघाली नाही. उरलेले २,६०० ओव्हरटाइम करून भरले. पण कोणाकडे हात पसरावा लागला नाही, अल्हम्दुलिल्लाह.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून चुकणार होती. कात्री लावायला बसलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एकट्या खालांना जाणारे इफ्तारीचे ताटही आम्ही ‘खर्च’ म्हणून लिहिले होते. अम्मींनी चष्मा लावून वही वाचली, पेन मागितला आणि ती ओळ खोडली. म्हणाल्या, “ही आपली नाही. तिची आहे. यात बचत करायची नाही.”

आता आमच्या वहीत दर महिन्याच्या पानावर खाली एक रेघ मारलेली असते. रेघेच्या वर आम्ही काटकसर करतो. रेघेच्या खाली खालांचे ताट आणि सदका असतो. तिथली बेरीज आम्ही करत नाही.