आंबोलीचे धुके घरात शिरते तेव्हा

वाचकहो, श्रावणात सावंतवाडीहून घाट चढून आंबोलीला गेलात, तर धबधब्यापाशी भिजून, गरम भजी खाऊन आपण परत फिराल. मी मात्र आपणांस तेथील एका घरात नेणार आहे. सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या या गावात पावसाळ्यात धुके खिडकीतून सरळ माजघरात येते. अंथरूण हाताला गार लागते, मीठ पाझरते, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी धरते.

त्या घरातील ७ वर्षांची मुलगी दर पावसाळ्यात दम्याने बेजार होई. दोन वर्षे मी औषधे वाढवीत राहिलो; ती कोठे निजते, हे मात्र विचारले नाही. चूक माझीच. घरी गेलो तेव्हा दिसला तो ओल्या भिंतीला टेकलेला पलंग, त्याखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुनी पुस्तके, आणि झुरळांसाठी आजी रोज रात्री मारीत असलेला फवारा.

घर लख्ख झाडलेले होते. अस्वच्छतेने किडे होतात, हे अर्धेच खरे. त्यांना ओल हवी असते. गादीतील डोळ्यांना न दिसणारे माइट पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्पच शोषतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली तर ते सुकून मरतात. जुन्या पुस्तकांतील बारीक किडे बुरशीवर पोसतात. झुरळांची विष्ठा आणि कात यांनी दमा चाळवतो, फवाऱ्यानेही चाळवतो.

फवारा बंद करा म्हणताच आजी म्हणाल्या, "डॉक्टरानू, मगे ह्येंचा काय करूचा?"

प्रश्न रास्त होता. पलंग भिंतीपासून हातभर दूर सरकवला. खोक्यांच्या जागी झाकणाचे पत्र्याचे डबे आले. ओले कपडे निजायच्या खोलीतून पडवीत गेले. चादरी-अभ्रे दर आठवड्यास कढत पाण्यात धुतले जाऊ लागले. खिडक्या धुक्यात बंद, उघडीप पडताच उघड्या. रात्री ओटा कोरडा पुसून मोरीच्या जाळीवर झाकण. फटींत बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या, अर्थात मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी. इन्हेलर चालूच ठेवला. घर कोरडे झाले म्हणून तो आपल्या मनाने कधीही थांबवू नका.

यंदाच्या आषाढात त्या घरून रात्रीचे बोलावणे एकदाच आले. भिंत अजून पुरती सुकलेली नाही. वरचे कौल फुटके आहे. गणपतीपूर्वी ते बदलतो, असे आजोबा म्हणाले आहेत.