विसण

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात आईचा पाय भाजला, आणि भाजल्याचे तिला कळले नाही. दुपारी पायमोजे काढताना माझ्या पत्नीला तिच्या घोट्याखाली रुपयाएवढा फोड दिसला. सकाळच्या आंघोळीचे पाणी कढत होते एवढेच आईला आठवत होते. "छान कढत होतं," असे ती म्हणाली. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने तिच्या पावलांतली संवेदना हळूहळू कमी केली होती. डॉक्टरांनी जखम बांधली आणि एकच सूचना दिली : यापुढे पाण्याचा अंदाज त्यांचा त्यांना घेऊ देऊ नका.

आमच्या घरात थर्मोस्टॅट या विषयाचा प्रवेश झाला तो असा. तोपर्यंत हा शब्द मला परिचित होता, पण नातलगाच्या नातलगासारखा. आम्ही दोघेही पती-पत्नी साहित्य शिकवतो. विजेच्या उपकरणांपैकी फ्यूज उडाला हे ओळखण्यापलीकडे आमची गती नाही. न्हाणीघरातला गिझर अकरा वर्षांचा होता. त्यातही थर्मोस्टॅट होताच, पण तो झाकणाच्या आत, स्क्रूमागे, आणि तो किती अंशांवर लावलेला आहे हे आजवर आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घ्यावे असेही कधी वाटले नव्हते. चौकशी केल्यावर जे कळले त्याने मी अस्वस्थ झालो. साठ अंश तापमानाचे पाणी माणसाची त्वचा काही सेकंदांत भाजू शकते. पन्नासच्या आसपास त्याच गोष्टीला काही मिनिटे लागतात. दहा अंशांचा हा फरक निरोगी माणसाला पाय मागे घ्यायला पुरतो. आईच्या पायांना मात्र मागे या असे सांगणारेच कोणी उरले नव्हते.

महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. गिझर निवडणे म्हणजे रंग आणि किंमत निवडणे अशी माझी समजूत होती. तिथे कळले की खोक्यावरच्या चांदण्या पाणी किती लवकर तापते ते सांगत नाहीत. तापलेले पाणी टाकीत नुसते उभे असताना किती उष्णता गमावते, याची ती गुणपत्रिका असते. बाहेरून फिरवता येईल असा अंशांचा खटका हवा, हे आम्ही ठरवूनच गेलो होतो. प्रश्न आकाराचा आला. पंधरा लिटरच्या टाकीतले पाणी साठ अंशांचे असेल आणि नळाचे अठरा अंशांचे, तर दोन्ही मिसळून बेचाळीस अंशांचे सुमारे सव्वीस लिटर पाणी मिळते. म्हणजे एक मोठी बादली भरून वर उरते. तीच टाकी पंचेचाळीस अंशांवर लावली तर मिळते जेमतेम सतरा लिटर. हा कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात थोडे कमीच. सुरक्षितता हवी तर टाकी मोठी घ्यावी लागते, हे गणित मराठीच्या प्राध्यापकाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर दुकानदाराच्या गणकयंत्रावर उमगले. आम्ही पंचवीस लिटरचा गिझर घेतला, खटका पंचेचाळीसवर ठेवला, आणि आईला पहाटे उठून बटणाशी झटापट करावी लागू नये म्हणून एक टायमर बसवून घेतला. पहाटे पाचला चालू, सहाला बंद. दोन किलोवॉटच्या गिझरला साधारण नऊ अँपिअर विद्युतप्रवाह लागतो, तेव्हा टायमर सोळा अँपिअरचाच हवा, हे वीजतंत्र्याने बजावले. अर्थिंग तपासले. आम्ही निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून आईचा आवाज आला, "अरे, नळातून नुसतं विसण येतंय!"

विसण हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. नंतर एम. ए.च्या वर्गात विचारले, तेव्हा बावीसपैकी दोघींनाच तो माहीत होता. एक दिंडोरीकडची, दुसरी सुरगाण्याची. आंघोळीच्या कढत पाण्यात ते सोसवेल इतके करण्यासाठी जे थंड पाणी घालायचे, ते विसण. ज्या घरात पाणी एका भांड्यात तापते आणि दुसऱ्या भांड्यात शमते, त्या घराचा हा शब्द. नळाच्या दोन तोट्या एकत्र आल्या आणि तो निकामी झाला.

आमच्या जुन्या नाशकातल्या घरी तांब्याचा बंब होता. तांबट लेनमधून आजोबांनी आणलेला. मधल्या नळीत कोळसे आणि लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. वरून जितके गार पाणी ओतावे तितके गरम पाणी तोटीतून बाहेर यायचे. सात माणसांच्या आंघोळी त्यावर होत. आई चारला उठून बंब पेटवायची. आजोबांना कढत लागे, वडिलांना मध्यम, मला कोमट. प्रत्येकाच्या बादलीत किती विसण घालायचे हे तिच्या हाताला पाठ होते. ती पाण्यात बोटे बुडवून क्षणभर थांबे, मग एक तांब्या किंवा अर्धा. बंबाचा थर्मोस्टॅट म्हणजे आईचा उजवा हात, आणि टायमर म्हणजे तिची झोप. तिची स्वतःची आंघोळ सर्वांत शेवटी, विझत आलेल्या बंबाच्या पाण्याने. तिच्या पाण्याला विसण लागतच नसे.

हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला ते दिसले नव्हते. गिझर आल्यावर, कोणाचीही वाट न पाहता पहाटेचे पहिले कढत पाणी स्वतःच्या अंगावर घेणे, ही आईने आयुष्यात मिळवलेली बहुधा एकमेव चैन होती. ती आम्ही तिच्याच काळजीपोटी पंचेचाळीस अंशांवर आणून ठेवली. बंबाविषयी गहिवरून बोलू लागलो की ती मला थांबवते. "धुरानं डोळे गेले असते माझे," म्हणते. जुने ते सोने हे तिला मान्य नाही. तिला फक्त पाणी कढत हवे आहे.

ऊन, कोमट, कढत, कडकडीत, सोसवेल असे. मराठीतल्या या शब्दांना अंश नाहीत, पण प्रत्येकामागे एक अंग आहे. आजोबांचे कोमट मला कढत वाटे आणि त्यावरून भांडण होत नसे. आकडा आला की तो सर्वांसाठी एकच असावा अशी अपेक्षा येते. भारतात २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्रे मुळातच चोवीस अंशांवर लावलेली यावीत असा नियम आहे. वीजबचतीच्या दृष्टीने तो शहाणपणाचा आहे, आणि चोवीसपासून वरखाली जाण्याची मुभाही आहे. पण अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय माणसाला कोणत्या तापमानात बरे वाटते याचा जो अभ्यास केला, त्याचे सार असे की बरे वाटणे ऋतूनुसार आणि सवयीनुसार सरकत असते.

थर्मोस्टॅटच्या इतिहासातही एक प्राध्यापक आहे हे वाचून मला गंमत वाटली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी, शिक्षक घडवणाऱ्या एका संस्थेत वॉरन जॉन्सन हे विज्ञान शिकवत. हिवाळ्यात वर्ग तापवण्याची भट्टी तळघरात असे. वर्ग गार पडला की उकडू लागला आहे हे पाहायला शिपायाला खोल्याखोल्यांतून फिरावे लागे, आणि तास मध्येच मोडे. जॉन्सन यांनी एक विद्युत-युक्ती केली आणि १८८३ मध्ये तिचे पेटंट घेतले. वर्गातले तापमान बदलले की तळघरातली घंटा वाजे आणि भट्टीवाला हालचाल करी. थर्मोस्टॅट हा शब्द त्याआधी अर्धशतक, अँड्र्यू यूर यांनी वापरला होता. उष्णतेने असमान प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी वाकते, हे त्यांच्या उपकरणाचे तत्त्व. परंतु जॉन्सन यांची घंटा मला अधिक जवळची वाटते. तिने माणसाला वगळले नव्हते. तिने त्याला हाक मारली होती. आमच्या टायमरला हाक मारता येत नव्हती, हे आम्हांला जानेवारीत कळले.

त्या आठवड्यात नाशकात थंडीने कहर केला होता. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून पहाटे कोणीतरी जागे राहून धूर आणि ऊब धरून ठेवावी लागते. आम्ही मात्र दुलईत होतो. आईला चालते म्हणून की काय, तिच्या पहाटेकडे आमचे लक्षच नव्हते. तीन-चार दिवस ती "अंग आखडलंय" म्हणत होती. मंगळवारी मला तास नव्हता. सकाळी अकराला न्हाणीघरात गेलो तर गिझरचा लाल दिवा पेटलेला. उलगडा व्हायला वेळ लागला नाही. शनिवारी दुरुस्तीच्या कामासाठी सहा तास वीज बंद होती. आमच्या टायमरची तबकडी विजेवर फिरणारी, तिला बॅटरीचा आधार नव्हता. वीज गेली की तिचे घड्याळ थांबे, आणि आली की जिथे थांबले तिथून पुढे चाले. तिची पहाट सहा तास मागे पडली होती. रविवार, सोमवार, मंगळवार, असे तीन दिवस अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई पहाटे साडेपाचला गच्चीवरच्या टाकीतल्या गार पाण्याने न्हात होती.

"सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मला वाटलं, तुम्हीच ठरवलं असेल," ती म्हणाली. "पाय भाजला म्हणून."

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. भाजल्याचे तिला कळले नाही, ही मज्जातंतूंची गोष्ट. गारठल्याचे तिला पुरते कळले, तरी तिने ते सांगितले नाही, ही गोष्ट आमची. डॉक्टरांची सूचना आम्ही अक्षरशः पाळली होती. पाण्याचा अंदाज तिला घेऊ दिला नाही, आणि कोणीच घेतला नाही. तो तबकडीवर सोपवला. तबकडीला टाकीतले पाणी कळते आणि वेळ कळते, तीही वीज असेपर्यंत. बाकी सारे आमच्याकडे होते.

यंत्राला मी दोष देत नाही. टायमर बदलून बॅटरीचा घेतला. खटका पन्नासवर नेला, पण तोटीचे पाणी आता थेट आईच्या अंगावर जात नाही. पहाटे सव्वापाचला मी उठतो. सुट्टीच्या दिवशी पत्नी. बादली भरतो, पाणी मोजण्याचा साधा तापमापक बुडवतो, बेचाळीसपर्यंत आणतो. डॉक्टरांना विचारून एक तडजोड केली आहे. संवेदना पावलांत नाही, पाठीत आहे. म्हणून पाठीवर घ्यायचे पाणी वेगळ्या लहान बादलीत, दोन अंश अधिक ऊन. आणि पावले उंच पाटावर. तापमापक वाचून झाल्यावरही मी पाण्यात बोटे बुडवून क्षणभर थांबतो. त्याची गरज नाही.

दार लोटून बाहेर येतो आणि उभा राहतो. बहुतेक रोज आतून तक्रार येते, "आज विसण जास्त झालं रे." मग मी अर्धा तांब्या कढत पाणी घेऊन पुन्हा आत जातो. ज्या दिवशी तक्रार येत नाही, त्या दिवशी दारावर टकटक करून विचारतो.