पुढच्या पुलाच्या वेळी

गोरेगावच्या सेमिनरीत लॅटिनच्या तासाला ‘पाँटिफेक्स’ हा शब्द मी प्रथम ऐकला. प्रमुख याजकासाठी रोमन लोक हा शब्द वापरीत. आमच्या प्राध्यापक फादरांनी त्याची फोड करून सांगितली होती : ‘पूल बांधणारा’. मनुष्य आणि परमेश्वर यांच्यामध्ये, तसेच माणसामाणसांत पूल बांधणे हेच धर्मगुरूचे कार्य होय, हे वाक्य मी पुढे कितीतरी प्रवचनांत वापरले. प्रत्यक्ष सिमेंट-काँक्रीटच्या पुलाशी माझा संबंध येईल आणि त्यापायी मला एका कोळीण मावशीची क्षमा मागावी लागेल, असे मात्र त्या वेळी कधी मनातही आले नव्हते.

ही गोष्ट २००१ सालची आहे. गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. माझ्या त्या धर्मग्रामाची एक वाडी खाडीच्या पलीकडे होती. एके रात्री तेथील एका वृद्ध गृहस्थांना तैलाभ्यंग देण्यासाठी निरोप आला. मी पवित्र तेलाची कुपी घेऊन धक्क्यावर गेलो, तो ओहोटी लागलेली. होडी अर्ध्या वाटेवर गाळात रुतली. दोन तास आम्ही अंधारात पाणी चढण्याची वाट पाहत बसलो होतो. मी पोहोचलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांची मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. ती काही बोलली नाही. तिने दोष दिला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले.

त्यानंतर मी पुलासाठी झपाटल्यासारखा मागे लागलो. अर्ज लिहिले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, रविवारच्या मिस्सेत प्रवचनातून पुलाची महती सांगितली. पूल मंजूर झाला. काम स्वस्तात व लवकर व्हावे म्हणून दोन्ही तीरांकडून मुरूम-दगडांचा भराव खाडीत पुढे आणण्यात आला आणि मध्ये तेवढी दोन गाळ्यांची वाट पाण्याला ठेवण्यात आली. काठावरील तिवरे भरावाखाली गेली. कोणी हरकत घेतली नाही. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापल्यावर मी प्रार्थना म्हटली आणि पुलावर पवित्र पाणी शिंपडले.

तीन-चार वर्षांत खाडीचे रूप पालटले. खाडीचा श्वास म्हणजे भरती-ओहोटी. भरतीला जितके पाणी आत शिरते, तितकेच ओहोटीला बाहेर धावते आणि जाताना गाळ घेऊन जाते. तोंड आवळले की आत येणारे पाणीच कमी होते, ओहोटीचा जोर ओसरतो आणि गाळ आतच बसू लागतो. भरावाच्या वरच्या अंगाला नेमके हेच झाले. जेथे बाया कालवे काढीत आणि निवट्या, चिंबोऱ्या पकडीत, तेथे घट्ट चिखलाचे मैदान झाले. होड्या धक्क्याला लागेनाशा झाल्या.

अशाच एका दिवशी मिस्सेनंतर एक वयस्क मावशी रिकामी पाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. “पूल आम्हालाही हवाच होता, फादर,” ती म्हणाली. “पण पाणी कुठून येतं नि कुठं वळतं, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. आमच्या माणसांना भराव बघूनच कळलं होतं. पण तुम्ही देवळात सांगितलंत, म्हणून आम्ही गप्प बसलो.”

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “माफी मागून पाणी परत येतंय का? पुढच्या पुलाच्या वेळी तरी विचारा.”

वाचकहो, तो पुढचा पूल आता माझ्या दारात आला आहे. उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी वसईची खाडी नायगाव आणि भाईंदर यांच्यामधून समुद्राला मिळते. मध्ये पाणजू बेट आहे. रेल्वेगाडी ही खाडी काही मिनिटांत ओलांडते. परंतु मोटारीने रस्त्यावरून जाणाऱ्याला महामार्गावरील घोडबंदरजवळच्या पुलापर्यंत मोठा वळसा घालावा लागतो. २०१३ च्या अखेरीस तेथील जुन्या पुलाच्या तुळईला तडा गेल्याचे आढळले आणि तो अवजड वाहनांसाठी बंद करावा लागला, तेव्हा एकाच पुलावर विसंबणे म्हणजे काय ते साऱ्या तालुक्याने अनुभवले. नायगाव-भाईंदर रस्तापुलाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. अलीकडे आमच्या धर्मग्रामातील तरुण मंडळी या पुलासाठी तयार केलेले निवेदन घेऊन आली. पहिली सही फादरांची असावी, असा त्यांचा आग्रह होता.

मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. एक तरुण थोडा रागावला. “फादर, रुग्णवाहिका वाहतुकीत अडकून माणसं जातात, आणि तुम्ही तिवरांचा विचार करता?” तो म्हणाला. त्याचा राग मला समजला. गाळात रुतलेली होडी मी विसरलेलो नाही. पण रिकामी पाटीही विसरलेलो नाही. या दोहोंपैकी एकीची निवड केलीच पाहिजे, असे मला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही.

कारण मधल्या काळात आपल्याच किनाऱ्यावर काही धडे मिळाले आहेत. मुंबईत वरळीला किनारी रस्ता आणि सागरी सेतू जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असे वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी ठामपणे सांगितले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. समुद्राचे ज्ञान कोळ्यांपाशी होतेच. ते ऐकण्यास उशीर झाला इतकेच. वाशी येथे ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या वेळी मच्छीमारांची सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ साली न्यायालयाने पुलाचे काम अडवले नाही. परंतु खाडीवर पोट असणाऱ्यांच्या उपजीविकेचा हक्क मान्य करून त्यांना भरपाई देण्याचा मार्ग आखून दिला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर शिवडीच्या चिखलपट्ट्यातील रोहित पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून ध्वनिरोधक बसवण्यात आले. तसेच पोलादी तुळया वापरून काही ठिकाणी १८० मीटरपर्यंतचे गाळे ठेवण्यात आले. गाळा जितका लांब, तितके पाण्यातील खांब कमी. हा पूल निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण भरावावाचूनही खाडी ओलांडता येते, हे त्याने दाखवले आहे.

कायद्याचेही बळ आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केली आणि केवळ खऱ्या सार्वजनिक हिताच्या कामापुरता अपवाद ठेवला. २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार बाधित तिवरांच्या किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करावी लागते. तथापि रोप लावणे म्हणजे तिवरांचे वन उभे करणे नव्हे. जुन्या तिवराच्या मुळांत माशांची पिले वाढतात. नव्या रोपाला त्या योग्यतेला येण्यास वर्षे लागतात. म्हणून न तोडलेले तिवर हेच सर्वांत उत्तम तिवर.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात एक साधी गोष्ट सांगितली आहे : एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा विचार योजना पक्की झाल्यावर करावयाचा नसून आरंभापासून करावयाचा असतो, आणि त्या चर्चेत स्थानिक लोकांना विशेष स्थान असले पाहिजे. ते वाचताना मला मावशीचे बोलणे आठवले. तिने तेच अवघ्या एका वाक्यात सांगितले होते, आणि तेही दहा-अकरा वर्षे आधी.

आठ दिवसांनी रविवारच्या प्रवचनात मी २००१ सालची हकीकत धर्मग्रामस्थांपुढे मांडली आणि माझी चूक कबूल केली. दुपारी ओहोटीच्या वेळी आम्ही काही जण काठावर गेलो. मासेमारी करणाऱ्या दोन ज्येष्ठ बांधवांनी बोट दाखवून सांगितले : येथे खोल प्रवाह आहे, येथे जाळी लागतात, या बाजूला पावसाळ्यात पाणी फुगते. रागावलेला तो तरुण कागदावर खुणा करीत होता. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, हे मला त्या दिवशी कळले.

निवेदनाला आम्ही दुसरे पान जोडले. त्यात लिहिले : पूल हवा, लवकर हवा. मात्र पुलाचे दोन्ही पोहोचमार्ग भरावावर नव्हे, खांबांवर घ्यावेत. खोल प्रवाहात व होड्यांच्या वाटेत खांब येऊ नयेत. खांबांसाठी खोदताना निघणारा गाळ व बेंटोनाइटचा चिखल खाडीत सोडू नये. कामासाठी तात्पुरता रस्ता लागलाच, तर तो मुरुमाचा नसून उचलून नेता येईल असा पोलादी असावा, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल खाडी पूर्ववत मोकळी झाल्याचे पाहूनच चुकते करावे. ज्यांची जाळी बंद पडतील त्यांची नोंद काम सुरू होण्यापूर्वी व्हावी.

मावशी आता हयात नाही. त्या जुन्या खाडीतला गाळही निघालेला नाही. माझ्या माफीने पाणी परत आले नाही, हे तिचे म्हणणे खरे ठरले. पण पुढच्या पुलाच्या वेळी विचारा, असे तिने सांगितले होते. यंदा विचारले. दुसऱ्या पानावर पहिल्या सह्या खाडीवर पोट असणाऱ्यांच्या आहेत, दोन अंगठेही आहेत. माझी सही त्यांच्या खाली आहे.