‘आज पोर वेगळंच दिसतंय’

बालरोगाच्या वॉर्डात रोज कानावर पडणारं आणि केस पेपरवर कधीच न उतरणारं एक वाक्य आहे : ‘डॉक्टर, आज पोर वेगळंच दिसतंय.’ ताप मोजता येतो, श्वास घड्याळ लावून मोजता येतो, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा दिसतो. या वाक्याला आकडा नाही. म्हणून ते हवेत विरतं, आणि आई दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच सांगायला आली की ‘नातेवाईक फार घाबरलेत’ एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. जन्मापासून नाजूक प्रकृतीच्या मुलांबाबत माझं मत याच्या अगदी उलट आहे. हृदयाला छिद्र असलेलं, फिट्स येणारं, सेरेब्रल पाल्सी असलेलं, डोक्यातलं पाणी उतरवायला नळी बसवलेलं, रक्तस्राव न थांबणारं असं मूल रुग्णालयात येतं, तेव्हा आईबापाचं निरीक्षण हा वैद्यकीय पुरावा असतो. तो मागून घेणं, लिहून ठेवणं आणि त्यावर हालचाल करणं हे रुग्णालयाचं काम आहे. आईबापाच्या धिटाईवर ते सोडता येणार नाही.

याचं कारण साधं आहे. पुस्तकातले आकडे निरोगी मुलाचे असतात. ज्या बाळाच्या हृदयात शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळतं, त्याचा ऑक्सिजन ऐंशीच्या आसपास असणं हा त्याचा चांगला दिवसही असू शकतो. तोच आकडा शेजारच्या खाटेवरच्या मुलात धोक्याची घंटा ठरेल. जे मूल बोलत नाही, ज्याचे हातपाय एरवीही ताठच असतात, त्याचं दुखणं रडण्यावरून ओळखायचं तरी कसं? नळी बसवलेलं मूल नुसतंच चिडचिडं झालं, जास्त झोपायला लागलं, सकाळी उठल्याउठल्या ओकलं, तर नळी तुंबली असण्याची शक्यता आधी मनात यायला हवी. पण ‘जास्त’ म्हणजे नेहमीपेक्षा किती जास्त, हे ठरवणारं माप फक्त घरात असतं. सिस्टर दिवसात तीनदा बदलतात, निवासी डॉक्टर काही महिन्यांनी दुसऱ्या युनिटला जातात, फाइल एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाताना हरवते. त्या मुलाला सलग पाहिलेली एकच व्यक्ती तिथे असते, आणि तिला आपण राऊंडच्या वेळी ‘जरा बाहेर थांबा’ म्हणतो.

हिमोफिलियाच्या मुलांनी हे सर्वांत स्पष्टपणे शिकवलं आहे. सातारच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, या मुलांसाठी डे-केअर केंद्र आहे. नाशिक, ठाणे, अमरावती यांच्याबरोबर राज्यात सुरुवातीला ज्या मोजक्या जिल्हा रुग्णालयांत ही सोय झाली, त्यांत सातारा होतं. हिमोफिलिया ए हा आजार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. रक्त गोठवणारा आठ नंबरचा घटक, सगळे ज्याला नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतात, तो त्याच्या अंगात नसतो किंवा फार कमी असतो. गुडघ्यात रक्त साचायला लागलं की सूज दिसण्याच्या आधीच मुलाला तिथे मुंग्या, ऊब, अवघडलेपण जाणवतं, आणि त्याची चाल बदललेली आई ओळखते. या आजाराचा जगभर मान्य असलेला नियम ‘आधी फॅक्टर, मग तपासण्या’ असा आहे. शंका असली तरी फॅक्टर द्यायचा. स्नायूत सुई टोचायची नाही, ॲस्पिरिन द्यायची नाही. समजा असं मूल माण-खटावकडच्या एखाद्या दवाखान्यात रात्री पोहोचलं आणि तिथल्या डॉक्टरांनी हिमोफिलियाचा रुग्ण वर्षानुवर्षं पाहिलेला नसला, तर ‘कमरेत इंजेक्शन देऊ नका, पहिल्यांदा फॅक्टर’ असं सांगणारा बाप शहाणपणा मिरवत नसतो, मुलाचा सांधा वाचवत असतो. या आजारातली चळवळही मुळात रुग्णांनीच उभी केली. 1963 मध्ये जागतिक महासंघ स्थापन करणारे फ्रँक श्नाबेल आणि 1983 मध्ये भारतातला महासंघ सुरू करणारे अशोक वर्मा हे दोघेही स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांना जागा मिळाली, ती याच चिकाटीच्या वाटेने.

पालकांच्या नजरेवर विश्वास ठेवणं हा भाबडेपणा नाही; पुरावा दोन्ही टोकांहून आलेला आहे. मेलबर्नच्या मोनॅश बाल रुग्णालयात नाडी-श्वास मोजताना पालकांना एक जादा प्रश्न विचारायची पद्धत घातली गेली : मुलाची तब्येत बिघडतेय असं तुम्हाला वाटतं का? त्यावरच्या, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘हो’ म्हणणाऱ्या पालकांची मुलं अतिदक्षता विभागात जाण्याची शक्यता बरीच जास्त निघाली, आणि हा संबंध बिघडलेल्या नाडी-श्वासाच्या आकड्यांपेक्षाही घट्ट होता. दुसरं टोक आपल्या घरचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळातली धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. नजर पदवीने येत नाही. शिकवली, वापरली आणि तिच्यावर विश्वास ठेवला की येते. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कमी वजनाच्या बाळांच्या काचेच्या खोलीतून आईला आपण वर्षानुवर्षं जंतुसंसर्गाच्या भीतीने बाहेर ठेवलं. मग भारतासह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक बाळांवर प्रयोग झाला : अस्थिर बाळसुद्धा जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, तिथेच अतिदक्षता विभागात. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. ज्या भीतीने दार बंद होतं, ती भीतीच खोटी निघाली. केंद्र सरकारने 2017 मध्येच नवजात कक्षात कुटुंबाला सामील करून घेण्याच्या सूचना काढल्या आहेत. जिथे दारावर अजून ‘नातेवाईकांना प्रवेश नाही’ ही पाटी आहे, तिथे ती कुणासाठी आहे हे विचारायला हवं.

यावर माझे सहकारी तीन आक्षेप घेतात, आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला, पालक घाबरतात आणि सगळ्यालाच धोका म्हणतात. मेलबर्नचा अनुभव तसा नाही. तिथे शंभरातल्या जेमतेम पाच वेळा पालकांनी काळजी व्यक्त केली. रोज विचारलं की माणूस जपून उत्तर देतो. कुणी विचारतच नाही तेव्हा ओरडावं लागतं. दुसरा आक्षेप हल्ल्यांचा. 2010 मध्ये राज्याला डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, हे विसरून पालकांच्या हक्कांवर लिहिणं अप्रामाणिक ठरेल. रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरभोवती वीस माणसं जमतात ती भीती मला पटते. मात्र मुलाची बाजू मांडणारी आई आणि काचा फोडणारा जमाव एका पारड्यात घालू नयेत. उलट आपलं म्हणणं वरपर्यंत पोहोचवायची ठरलेली वाट असेल, तर गावाकडून माणसं बोलवायची गरज कमी होईल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये रायन सॉन्डर्स हा लहानगा 2007 मध्ये दगावल्यानंतर तशी वाट आखली गेली : सिस्टरला किंवा डॉक्टरला सांगा, मग पाळीच्या मुख्य सिस्टरला, तरीही समाधान नसेल तर एक फोन, आणि नव्याने तपासणी. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या मृत्यूनंतर 2024 पासून असाच नियम लागू होऊ लागला. तिसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या, एका सिस्टरमागे अख्खा वॉर्ड. त्यात आणखी प्रश्न कधी विचारायचे? मला वाटतं, माणसं कमी आहेत म्हणूनच खाटेशेजारी चोवीस तास बसलेल्या माणसाची नजर वापरायला हवी. अर्थात त्या नजरेच्या आडून सिस्टरांच्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवायला कुणी निघालं, तर त्याला विरोध करावाच लागेल.

खरी अडचण वेगळी आहे. आज बाजू मांडली जाते ती फक्त ज्याला मांडता येते त्याची. मिरजेला वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून कर्नाटकातून आणि अर्ध्या दक्षिण महाराष्ट्रातून माणसं उपचाराला येतात. तिथे मेडिकल कॉलेज आहे, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं सिव्हिल आहे, कराडला कृष्णा आहे. डॉक्टरांची वानवा असलेला हा भाग नाही. पण जतच्या पूर्वेकडच्या गावातली आई घरी कन्नड बोलते, आणि मराठीत ‘वेगळंच दिसतंय’ म्हणायला तिला शब्द शोधावे लागतात. पाटण-जावळीच्या डोंगरातून आलेला बाप शेवटची एसटी चुकेल या घोरात असतो. दिवाळीनंतर आपल्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या कोपीतलं आजारी मूल इथल्या कुठल्याच डॉक्टरला माहीत नसतं, त्याची फाइल गावाला पत्र्याच्या पेटीत असते, आणि खाडा केला तर मुकादमाच्या उचलीतून पैसे कापले जातात. कागदावर या सगळ्यांना हक्क आहेत. कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत द्यायची, हा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, ही योजना उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिली. 2021 च्या नर्सिंग होम नियमांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायला सांगितली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच 2023 च्या निर्णयाने कुटुंबामागे पाच लाखांवर गेलं. पण भिंतीवरची सनद वाचायला वेळ, अक्षर आणि धीर लागतो. ज्या मुलाला सगळ्यात जास्त गरज, त्याच्या आईकडे नेमक्या याच तीन गोष्टी कमी असतात.

म्हणून माझी मागणी हक्कांच्या आणखी एका यादीची नाही. केस पेपरवर ताप, नाडी, श्वास यांच्या खाली एक ओळ छापा : ‘पालकांच्या मते आज मूल नेहमीसारखं आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर त्यापुढे ते कोणत्या डॉक्टरने, किती वाजता पाहिलं हे लिहा. नाजूक मुलाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाला एक पान जोडा, मराठीत, आणि जत-मिरजेकडे कन्नडमध्येही : आजाराचं नाव, त्याचे नेहमीचे आकडे, काय द्यायचं, काय अजिबात द्यायचं नाही, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या. ते दाखवल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात तिला काही पटवून द्यावं लागू नये. फुले योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयात बसलेलेच असतात; रेशनकार्ड आणि मंजुरी यांच्या पलीकडे, बोलता न येणाऱ्या आईचं म्हणणं राऊंडपर्यंत पोहोचवणं हेही त्यांच्या कामात लिहा. या तिन्हींना नवीन इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. सुरुवात वॉर्डातल्या सकाळच्या राऊंडपासून होऊ शकते : मॉनिटरकडे पाहण्याआधी खाटेच्या कडेला बसलेल्या बाईकडे वळून विचारायचं, ‘ताई, रात्र कशी गेली?’ आणि तिचं उत्तर संपेपर्यंत पेन हातात धरून थांबायचं.